सात कोपऱ्यांची वाट

इमारतीतले लोक तिला नळीवाल्या ताई म्हणत. कुणीतरी चेष्टेनं ठेवलेलं हे नाव, पण तिनं ते मानानं घेतलं होतं. चार मजले, एकशे बारा खिडक्या, आणि त्या सगळ्या ती दोन्ही पाय जमिनीवर रोवून धुवायची. हातात लांबच लांब हलकी काठी, टोकाला ब्रश, आणि काठीच्या अंगानं ब्रशापर्यंत चढणारं पाणी. पाणीही असंतसं नव्हे. गाळून गाळून त्यातला क्षार काढून टाकलेला, म्हणून काचेवरून ओघळलं की आपोआप वाळायचं आणि मागे डाग म्हणून राहायचा नाही. पुसायचं कामच नाही.

पाण्याची टाकी आणि पंप असलेली तिची हातगाडी पश्चिमेच्या फाटकाशी उभी असे. तिथून पूर्वेच्या भिंतीपर्यंत पाणी न्यायची ती नळी. पिवळीजर्द, बोटाएवढी जाड, शंभर मीटर लांब. ती मोठ्या दाराच्या पायरीसमोरून सरळ जायची. एका बाजूनं पाणी सोडलं की दुसऱ्या टोकाला ब्रश गायला लागायचा. सहा वर्षं हे असंच चाललं होतं.

त्याआधी हेच काम तिचा थोरला भाऊ शिडी लावून करायचा, आणि ही खाली शिडी धरून उभी असायची. एके दिवशी पूर्वेच्या भिंतीला, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपाशी शिडीचा पाय सरकला. हिनं धरलेली असताना सरकला. दादा जिवानिशी वाचला, पण डावा पाय दोन बोटं आखूड झाला तो झालाच. त्या दिवसापासून तिनं शिडीला हात लावला नाही. जत्रेतला पाळणा बघावा तशी लोकांची शिडी लांबून बघायची आणि तोंड फिरवायची.

आणि आता तीन महिन्यांपूर्वी इमारतीला नवे व्यवस्थापक आले होते. टाय कधी सैल न होणारे. सोमवारी एका पाहुण्याचा बूट नळीत अडकला. पाहुणा पडला नाही, नुसता एक ठुमका घेतला आणि आत गेला. पण साहेब बाहेर आले.

"बाई, हा साप माझ्या दारात नको."

"साप नाही साहेब, नळी आहे. रंग पिवळा आहे, दोन्हीकडे फलक ठेवलेत. आता घंटा बांधू का तिच्या गळ्यात?"

"मागच्या बोळातून न्या."

"मागं सात कोपरे आहेत. एवढी लांब नळी सात कोपऱ्यांतून ओढली की मुडपते. मुडपली की पाणी अडतं. तिसऱ्या मजल्यावर थेंब चढणार नाही."

"मग शिडी वापरा. पूर्वी शिडीनंच व्हायचं म्हणे. तेव्हा कुणाची तक्रार नव्हती."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओठांवर आलेलं तिनं गिळलं. दादाचा पाय म्हणजे काही दाखला नव्हता, कुणाच्याही टेबलावर ठेवायला.

घरी दादा तिनं काढून आणलेला नळीचा जोड घट्ट करत बसला होता. नळीच्या दुरुस्तीचं सगळं तोच बघायचा. सारं ऐकून म्हणाला, "मी येऊ का? माझी तंगडी बघितली की गप बसतील."

"तू घरीच बस. तुझ्या तंगडीवर मला काम नको."

"बरं बाई. पण बोळातून नेलीस तर एक ऐक. अडली की ओढायची नाही. मागं चालत जायचं आणि हातानं सोडवायची. हा जोड जुना आहे, तुझ्या रागाला टिकायचा नाही."

"माझ्या रागाला कोण टिकलंय?"

"मी टिकलोय," दादा म्हणाला आणि पकड बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी जोड बसवायला तिनं नळी हातात घेतली आणि कपाळाला हात लावला. आदल्या संध्याकाळी रखवालदार काकांनी मदत म्हणून ती कोपरावर गुंडाळून ठेवली होती, सुतळी गुंडाळतात तशी. नळीला हे चालत नाही. ती एकदा इकडून, एकदा तिकडून अशी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी घालावी लागते. नाहीतर प्रत्येक वेढ्याला एक पीळ अंगात मुरतो आणि सोडताना तो बाहेर येतो.

"काका, कुणी सांगितलं होतं?"

"ताई, तुमचे कष्ट वाचावेत म्हणून..."

"वाचले हो. आता दुप्पट झाले."

बोळ अंधारा आणि अरुंद. पहिल्या कोपऱ्यावर कचऱ्याचे डबे, दुसऱ्यावर सामानाची ढकलगाडी, तिसऱ्याला जुन्या कागदांच्या खोलीचं सदा उघडं दार. नळी ओढत ती पूर्वेला पोचली, काठी उभी केली, तर ब्रशातून पाणी येईना. मागे गेली. डब्याखाली नळी चेपली होती. सोडवली. परत आली, चार काचा झाल्या, पाणी गेलं. ढकलगाडीचं चाक नळीवर. ढकलणारा म्हणाला, "मला काय माहीत, इथं कधी नळी नसते." त्याचंही बरोबर होतं, म्हणूनच तिला जास्त राग आला. कुणावर काढायचा?

दुपारपर्यंत चौदा खेपा झाल्या आणि काचा झाल्या अकरा. काठी धरून नव्हे, चालून चालून तिचे पाय भरून आले. समोर तीच दुसऱ्या मजल्याची खिडकी होती. ब्रश काचेला टेकला आणि पाणी पुन्हा थांबलं.

या खेपेला ती मागे गेली नाही. दोन्ही हातांनी नळी धरली आणि हिसडा दिला. एकदा. दुसऱ्यांदा. बोळात कुठंतरी फट् झालं आणि नळी हातात एकदम हलकी झाली. दादाचा जोड निसटला होता.

धावत पोचली तेव्हा पाणी कागदांच्या खोलीत नाचत होतं. खालच्या ओळीतली खोकी पार भिजली होती. ती पंप बंद करून येते तोवर साहेब दारात उभे.

"बघितलंत? म्हणून म्हणतो, शिडी. रखवालदार, तळघरातली शिडी आणा. आत्ता."

"जोड माझ्या हातून निघाला," ती म्हणाली. "ओढायला नको होतं, ओढलं. तो दोष माझा. खोकी मी वाळवीन. पण नळी या खोलीपाशी मी माझ्या मनानं आणली नव्हती."

साहेबांनी तिकडे लक्षच दिलं नाही. "रखवालदार!"

काका जागचे हलले नाहीत. टोपी काढून हातात धरली. "दुसरं काहीही सांगा साहेब. शिडी मी नाही आणणार. मागच्या वेळी मीच आणून दिली होती."

"मागच्या वेळी म्हणजे?"

काकांनी तिच्याकडे बघितलं. आता लपवण्यासारखं राहिलं नव्हतं.

"माझा भाऊ पूर्वेच्या भिंतीला शिडीवरून पडला," ती म्हणाली. "खाली शिडी मी धरली होती."

साहेबांचा हात टायच्या गाठीकडे गेला आणि तिथंच राहिला. आवाज उतरवून ते म्हणाले, "अहो बाई, मग हे सोमवारीच सांगायचं ना! मी काही दगड आहे का? न्या समोरून नळी."

त्यांना वाटलं असेल, आता ही हात जोडेल. तिचा राग मात्र तिथंच खरा पेटला.

"सोमवारी मी कारण सांगितलं होतं, साहेब. सात कोपऱ्यांतून नळी मुडपते, हे कारण होतं. सहा वर्षं हे काम करणारी बाई सांगत होती. तेवढं पुरायला पाहिजे होतं. त्यासाठी कुणाचा पाय मोडलेला असावा लागतो का?"

साहेब खाली वाकले. भिजलेलं एक खोकं उचलून त्यांनी कोरड्या फळीवर ठेवलं, मग दुसरं.

तिनं बोळातून नळी गोळा केली, प्रत्येक वेढ्याचा पीळ बोटांनी काढत. जोड पुन्हा बसवला, तोंडानं पुटपुटत, दादाची क्षमा मागत. मग मोठ्या दाराच्या पायरीसमोर नळी सरळ, ताठ टाकली. पंप सुरू केला. पूर्वेला ब्रश गाऊ लागला. दुसऱ्या मजल्याची ती काच तिनं इतरांपेक्षा जास्त वेळ घासली, आणि घासताना तिचे दात अजून आवळलेलेच होते.