हिराबायची हरकत

कचरा आणि किस्से, दोन्ही न मागता साठतात. कचऱ्यासाठी निदान सकाळी घंटागाडी येते, किस्से न्यायला कुणी येत नाही. म्हणून मी ते लिहून ठेवतो. यंदा आमच्या वसईत महापालिकेने दोन विषय एकदमच काढले. घरातल्या कचऱ्याचे नवे नियम आणि रस्त्यावरच्या विक्रेत्यांना लायसन-फी. मग काय, लिहायला हात पुरेना!

*

पहिली सभा सोसायटीच्या गेटवर झाली. महापालिकेचे साहेब समजावत होते, "ओला वेगळा, सुका वेगळा."

गेटजवळ टोपली घेऊन बसणारी आमची मासेवाली हिराबाय, पाचूबंदरची. ती जोरात मान डोलावत म्हणाली, "आमी पयल्यापासून वेगलाच ठेवतो, साहेब. वल्याला बर्फ, सुक्याला ऊन!"

साहेब खूश. "बघा, ह्यांच्याकडून शिका!"

ती बोंबलांबद्दल बोलतेय, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

*

आमचे चेअरमन सावंतकाका बँकेतून रिटायर झालेले. नारळाची करवंटी ओल्यात टाकायची की सुक्यात, यावर त्यांनी साहेबांचं डोकं खाल्लं. शेवटी स्वतःच निकाल दिला. "आज ती ओली आहे. वाळली की सुक्यात टाकू!" आणि गॅलरीत करवंट्यांची रांग लावली.

सावंतकाकू म्हणाल्या, "बँकेतही हेच! चेकची शाई वाळल्याशिवाय पास करत नसत."

*

मग तिसरा डबा आला. जुने सेल, फुटलेले बल्ब, मुदत संपलेली औषधं, म्हणजे घातक कचरा. दुसऱ्याच दिवशी काका तो डबा उपसताना दिसले. आत त्यांची तंबाखूची पुडी!

काकू दारातूनच ओरडल्या, "डॉक्टर सांगून थकले. आता महापालिकेचं तरी ऐका!"

*

माझ्या आईचे गुडघे गेले तेव्हापासून ती तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरत नाही. मी गेटवरून मांदेली घेऊन जायचो, तर ती ताटाकडे बघायचीही नाही. हे हिराबायला कळलं. एका सकाळी ती टोपलीसकट जिना चढून आमच्या दारात.

"भाऊ, तू बाजूला हो. भाव केल्याबिगर म्हातारीला मासा पचायचा नाय."

दोघी अर्धा तास भांडल्या. त्या दिवशी आई पोटभर जेवली! तेव्हापासून हिराबाय आठवड्यातून एकदा तरी वर येतेच. मी एकदा न राहवून तिला थँक्यू म्हटलं.

"थँक्यू ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुझ्या आयेला सांग, शिव्या जरा कमी दे!"

*

म्हणूनच लायसनचा प्रस्ताव मी दोनदा वाचला. नुसती फी असती तर हिराबाय भरणार होती. पण लायसनवाल्यांनी यापुढे नव्या बाजारातच बसायचं, असंही त्यात होतं. तो बाजार पार दुसऱ्या टोकाला. तिथून ती आमचा जिना कशी चढणार?

हरकती ऐकायला सुनावणी ठेवली होती. सावंतकाकांनी हिराबायकडून वाक्य घोटून घेतलं. "साहेबांनी विचारलं की एवढंच म्हणायचं, ‘माझी हरकत आहे.’"

आम्ही अख्खी सोसायटी तिच्या मागे जाऊन बसलो. समोर तेच साहेब. त्यांनी अगदी अदबीने विचारलं, "बोला मावशी, तुमची काही हरकत?"

हिराबाय संकोचून हसली. "छे साहेब, माजी कसली हरकत!"

काकांनी कपाळाला हात लावला.

"मग बाजारात बसाल?"

"बसन की. पन ह्या मागच्या समद्यांना पयले तिथं खोल्या द्या. ह्यांना सोडून मी एकली जाऊन काय करू?"

हॉलमध्ये हशा पिकला. साहेबही हसले, मग चष्मा लावून लिहू लागले. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचलं, "लायसन द्यावं. जागा आहे तीच ठेवावी, अशी शिफारस." आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "महापालिकेच्या सभेत मी स्वतः मांडतो. पास होईल."

आम्ही टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर हिराबाय मागे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काका, आता म्हनू का? माजी हरकत हाय!"