दिनाला की दीनाला

रविवारी सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी ग्रंथपाल योगिनी सामंत तारखेचा शिक्का फिरवत होत्या. समोर बाळ गोगटे उभे होते. वाचनालयाचे अध्यक्ष, चौतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले. कमिटीतले बाकीचे चौघे त्यांच्याच शाळेतले, म्हणून गोगटे सरांचं मत हाच ठराव.

संध्याकाळी सहाच्या बैठकीत विषय एकच होता. सात नंबरचं कपाट रिकामं करून तिथे स्पर्धा परीक्षांची गाइडं लावायची. त्या कपाटातल्या एकशे साठ अद्भुत कादंबऱ्या रद्दीत जाणार होत्या.

"राक्षस आणि तलवारी," सर म्हणाले. "मोठ्या माणसांनी हे वाचायचं, सामंतबाई?"

"सगळ्यांत तलवारी नसतात, सर. एक वाचून बघा. यातला नायक जुन्या पोथ्यांच्या नकला करतो."

"भांडत नाही?"

"शुद्धलेखनावरून भांडतो."

सरांनी पुस्तक पिशवीत टाकलं. "संध्याकाळपर्यंत वाचतो. अर्धवट सुटलं तर कपाट गेलं."

ठाकुर्ली पूर्वेच्या या वाचनालयात योगिनीबाईंना तेवीस वर्षं झालीत. एकदा एक पुस्तक कादंबऱ्यांत नोंदवायचं की बालविभागात, हे ठरेना म्हणून त्यांनी ते जेवणाच्या सुट्टीत उघडलं आणि त्या दिवशी डबा तसाच घरी नेला. तेव्हापासून जादूच्या राज्यात डोकं चालवून वाट काढणारी माणसं त्या शोधत आल्या. नव्या सभासदाला काय आवडतं, हे त्या विचारत नाहीत. शेवटचं अर्धवट सोडलेलं पुस्तक कोणतं, ते विचारतात.

सरांसाठीची निवड सोपी होती. कादंबरीतल्या बंद किल्ल्याच्या शिळेवर लिहिलंय, ‘दार उघडेल ते दिनालाच.’ राजाचं सैन्य वर्षानुवर्षं पहाटे दारापुढे उभं राहतं. नक्कलनवीस मूळ पोथी शोधतो. तिथे ‘दीनालाच’ असतं. दिवसाला नव्हे, गरिबाला. पाथरवटाने एक वेलांटी चुकवलेली असते.

सव्वानऊला त्या कपाट पुसायला गेल्या. त्याच पुस्तकाची दुसरी प्रत तिथे दिसली. उचलून पान एकशे अठ्ठ्याऐंशी उघडलं. समासात पेन्सिलीने त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘दीनाला वाचावे’.

त्यांच्या हातातलं फडकं थांबलं.

छापताना कुणा मुद्रितशोधकाने ‘फकीर’चं ‘फकिराला’ होतं त्या नियमाने सगळीकडे ‘दीनाला’चं ‘दिनाला’ करून टाकलं होतं. त्यामुळे नायकाचं सगळ्यांत मोठं वाक्य छापलं गेलं होतं ते असं: ‘दिनाला नव्हे, दिनाला!’ एका प्रतीत बाईंनी दुरुस्ती केली होती. सर नेमकी दुरुस्त न केलेली घेऊन गेले होते.

"मग फोन करा ना, ताई," काउंटरवरची रसिका म्हणाली.

"आणि काय सांगू? पुस्तकाचं रहस्य?"

"नुसतं चूक आहे म्हणून सांगा."

"कोणत्या शब्दात, ते विचारतील. त्यांना तेवढंच पुरे."

"मग ही प्रत देऊन येते."

"पेन्सिल दिसली की आधी तेच पान वाचतील."

साडेअकराला रसिका घरपोच मासिकं देऊन आली. "सर गॅलरीत होते. पुस्तक मांडीवर पालथं, डोळे मिटलेले."

"किती पानं झालेली?"

"ताई, मी काय पट्टी घेऊन गेलेले?"

दुपारभर योगिनीबाईंनी दोनदा फोन उचलला आणि दोनदा ठेवला. चार वाजता रसिका सात नंबरची यादी छापून घेऊन आली. रद्दीसाठी लागली असती. बाईंनी ती टेबलावर उलटी ठेवली.

पाच पन्नासला सर आले. पुस्तक काउंटरवर आपटलं.

"पान एकशे अठ्ठ्याऐंशी. दिनाला नव्हे, दिनाला. हे तपासलं कुणी?"

"फकिराचा नियम लावला असावा, सर."

"दीन तत्सम आहे. तत्समाला तो नियम नाही."

"हो."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो. सकाळी बोलले असते तर पुढे वाचण्यासारखं काही उरलं नसतं."

सरांनी चष्मा काढून पुसला. रसिका रबरबँडांच्या डबीची उघडझाप करत होती.

"शिळेवरची चूक मला एकशे बावन्नलाच कळली होती," सर म्हणाले. "तुमच्या त्या नक्कलनविसाला आणखी छत्तीस पानं लागली. मठ्ठ आहे."

बैठक अकरा मिनिटं चालली. गाइडं जिन्याखालच्या मांडणीत लावायचं ठरलं. सात नंबरच्या कपाटाचा विषय अध्यक्षांनी मागे घेतला. कारण नोंदवलं नाही.

बाहेर येऊन सर काउंटरपाशी रेंगाळले. "याच्याहून जरा हुशार कुणी आहे का?"

बाईंनी जाडजूड पुस्तक काढलं. वेधशाळेतली एक बाई पंचांगातल्या चुकीवरून राज्य वाचवते, त्याचं. सरांनी हात पुढे केला.

"आज नाही देता येणार, सर," रसिका म्हणाली. "नेलं त्याच दिवशी बदलून मिळत नाही."

"हा नियम कुणी केला?"

"तुम्हीच. चार वर्षं झाली."

सरांनी हात मागे घेतला. बाईंनी पुस्तकात त्यांच्या नावाची चिठ्ठी घालून ते बाजूला ठेवलं.

उद्या सोमवार, वाचनालयाला साप्ताहिक सुट्टी. दार मंगळवारी सकाळी साडेआठला उघडेल.