रडवणाऱ्या बाई

रडवणाऱ्या बाई समोरच्याचे डोळे कधी पुसत नसत. रुमाल नाही, पाण्याचा ग्लास नाही, ‘शांत व्हा’ तर नाहीच. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दर मंगळवारी त्या समुपदेशनाला बसायच्या. आमच्या टेंभुर्णीच्या बायका त्यांच्याकडून डोळे सुजवून बाहेर यायच्या, म्हणून हे नाव पडलं.

मला तिथे माझ्या जावेने ओढत नेलं. माझी सोनल बारावीला होती. ऐन परीक्षेत तिला ताप भरला. मी पडले मास्तरीण, पाजळली अक्कल! म्हणाले, “एवढा पेपर देऊन ये, उद्या जाऊ दवाखान्यात.” पोरीने पेपर दिला. ताप मेंदूत गेला आणि चौथ्या दिवशी जालन्याच्या दवाखान्यात ती गेली. मग मला जगायचंच नव्हतं. शाळेच्या वाटेवर एक विहीर आहे, तिच्या काठाशी मी रोज थांबायला लागले. जावेने ते पाहिलं.

बाई हसनाबादच्या. माणूस आत आलं की मे महिना असला तरी पंखा बंद करायच्या. “पंख्याच्या आवाजात बारीक बोलणं ऐकू येत न्हाई, ताई,” म्हणायच्या. दोघींच्या घामाच्या धारा लागायच्या. जेवण झालं का विचारावं तितक्या सहज त्या विचारायच्या, “आज विहिरीचा इचार आल्ता का?” आमच्या घरात तो शब्द उच्चारायची कुणाची छाती नव्हती.

मला वाटलं, ह्याही म्हणणार, तुमची चूक नाही. सारं गाव तेच म्हणत होतं आणि मला त्या वाक्याची शिसारी आली होती. पण बाई म्हणाल्या, “एक दिवस उशीर झाला, हे बराबर हाय. मी ते खोटं पाडणार न्हाई. पण त्या दिवशी तुमी तिच्यासाठी काय काय केलं, तेबी सांगा.” काय बाई आहे ही, म्हटलं मनात! मग रात्रभरच्या मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या, पातळ खिचडी, परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर उन्हात काढलेले तीन तास, सगळं सांगत हमसून हमसून रडले.

दुःखाच्या घरून उठताना आपल्याकडे कुणी ‘येते’ म्हणत नाही, मुकाट उठून जायचं. मीही तशीच उठले. बाईंनी दारात अडवलं. “हे मयताचं घर न्हाई. मंगळवारी येते म्हणा, मंगच जा.” मी चिडले, पण म्हणाले. आता बोलून बसले होते, काय करता! तो आठवडा मी विहीर टाळून लांबच्या रस्त्याने शाळेत गेले. पुढचाही.

डिसेंबरात बाईंचं कंत्राट संपलं. मी खेकसलेच, “तुमचं काय, तुम्ही चालल्या! आता मी कुणापाशी बोलू?” बाईंचा चेहरा पडला. मग म्हणाल्या, “सोनलचे पप्पा नऊ महिने कुणापाशी बोलून राह्यले, ताई?”

कुणापाशीच नाही. मी त्यांना दगड म्हणत होते.

त्याच दुपारी घरी आले. हे ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मी विचारलं, “अहो, तुम्ही तिच्याबद्दल का बोलत नाही?” ह्यांनी हातातली शेंग सुपात टाकली. मग खाली मान घालून म्हणाले, “पेपरच्या आदल्या सांजंला ती मला म्हणली व्हती, ‘पप्पा, मला सोसत न्हाई, आत्ताच जालन्याला चला. मम्मीला सांगू नका, ती रागवंल.’ मी म्हणलो, ‘पेपर होऊ दे.’ हे तुला कोणत्या तोंडानं सांगू?”

ह्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. त्याहून जास्त स्वतःच्या. माझ्या रागाला भ्याली होती माझी पोर! नऊ महिने मी एकटीच जळतेय असं समजत होते, आणि हा माणूस माझ्या शेजारी बसून तसाच जळत होता. पण तिचं ते बोलणं मी कधी ऐकलेलं नव्हतं. ती गेल्यावर नऊ महिन्यांनी लेकीचं नवं वाक्य कानावर पडलं होतं. मी ह्यांच्याजवळ सरकले.

“अजून काय म्हणली ती?” मी विचारलं. “सगळं सांगा.”