आज बरं काय झालं?

"हं, आज बरं काय झालं?"

काशीत दुर्गाघाटावरच्या आमच्या गल्लीत दिवेलागणीला हा प्रश्न यायचाच. समोरच्या घराच्या दारात सर चपला काढत उभे राहायचे आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारायचे. आतून काकूंचं उत्तर आल्याशिवाय उंबरा ओलांडायचे नाहीत. काकू सांगायच्या, "आज वाल छान शिजले." नाहीतर, "माकडांनी पापड तेवढे सोडले." मग सर "वा!" म्हणून आत जायचे. त्या घरात संध्याकाळी तक्रार करायची नाही, असा नियमच होता.

दूधवाल्यालाही त्यांनी सोडलं नव्हतं. "क्या अच्छा हुआ आज?" तो बिचारा डोकं खाजवून म्हणायचा, "गुरुजी, भैंस ने लात नहीं मारी." माझी आई खिडकीतून हसायची. म्हणायची, "शिकून शिकून डोकं फिरलंय मेल्याचं."

डोकं फिरलेलं नव्हतं हो. सर विद्यापीठात मानसशास्त्र शिकवायचे. त्या काळी हा विषय म्हणजे नैराश्य, भीती, वेड. माणूस कसा मोडतो तेवढंच शिकायचं. नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा परदेशातून नवा विचार यायला लागला होता, की माणूस कशानं टिकतो, कशानं समाधानी राहतो, हेही तपासावं. त्याला सकारात्मक मानसशास्त्र म्हणायला लागले होते. विभागातले लोक चेष्टा करायचे. ज्या गावात माणसं मरायला येतात, तिथं हा बाबा सुख मोजणार! सर शांतपणे म्हणायचे, "मोजून तर बघू. नुसत्या वाटण्याला पुरावा म्हणत नाहीत." हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की माझ्या लग्नाच्या वेळीसुद्धा तेच आठवलं.

मी तेव्हा त्यांची मदतनीस होते. पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला जुन्या घरांतून काशीवासाला आलेल्या विधवा राहायच्या. मरण काशीतच यावं म्हणून गाव सोडून आलेल्या, आणि काशीची हद्द ओलांडायची नाही असा नेम केलेल्या. त्या परक्या पुरुषाशी कशाला बोलतील? म्हणून मी. अर्ध्या बायकांना रोज दिवसातली एक बरी गोष्ट सांगायला लावायची, उरलेल्यांशी नुसत्या गप्पा मारायच्या, आणि काही महिन्यांनी दोन्ही गटांच्या मनात फरक पडतो का ते बघायचं. साधं काम होतं, पण जिने चढून पाय मोडून यायचे.

फरक पडला. बरी गोष्ट सांगणाऱ्या बायका सगळं छान, सगळं आनंदात म्हणायला लागल्या. सर लहान मुलासारखे खूश झाले. दिल्लीच्या परिषदेत निबंध वाचायचं ठरलं. काकूंनी पुरण घातलं आणि आम्हालाही वाटी पाठवली. वाटी द्यायला आल्या तेव्हा काकू जरा वाळल्यासारख्या दिसल्या. आईनं विचारलंही. "अहो, जिना चढउतार," काकू म्हणाल्या, "बाकी बरंच आहे."

मग एक दिवस सर आणि मी निरोपाचं म्हणून त्या घरांतून फिरत होतो. त्यांत विदर्भाकडच्या एक मावशी होत्या, सगळ्यांत आनंदी. त्या दिवशी खोलीत पाऊल टाकलं आणि वास आला. मी त्यांच्या पायावरचं लुगडं बाजूला केलं. पाऊल काळंनिळं, जखम सडलेली. कधीपासूनची होती देव जाणे.

"मावशी, हे काय? तुम्ही तर रोज सगळं छान म्हणायचात!"

मावशींनी लुगडं परत ओढून घेतलं. "अगं, तू बरं काय ते विचारलंस, मी सांगितलं. काशीत राहून विश्वेश्वरासमोर का रडगाणं गायचं? आणि दुखतं म्हटलं की मुलगा येतो, गाडीत घालून नागपूरच्या दवाखान्यात नेतो. तिथं मेले तर इतकी वर्षं इथं काय केलं मी?"

शेजारच्या खोलीतली म्हातारी म्हणाली, "इथं सगळ्याच लपवतात, बाळ."

सर दारातच उभे होते. त्यांच्या चेहऱ्याचा रंग गेला. मला वाटलं, निबंध बुडाला म्हणून. पण ते तसेच जिना उतरून निघाले. पंचगंगेपासून दुर्गाघाटापर्यंत गल्लीतल्या गाईम्हशींना ढकलत ते जवळजवळ धावले. मी मागे.

दारात चपला काढल्या नाहीत. तसेच स्वयंपाकघरात गेले.

"काय दुखतंय तुझं?"

काकू चपापल्या. "आज भाकऱ्या छान फुगल्या," त्या म्हणाल्या.

"ते नाही. काय दुखतंय?"

काकूंनी पळी खाली ठेवली. पदराखाली डाव्या बाजूला हात नेला आणि तिथंच धरून ठेवला. "गाठ आहे," त्या म्हणाल्या. "बरेच दिवस झाले. तुम्ही इतके आनंदात घरी यायचात. त्यात हे कुठे सांगायचं?"

डॉक्टरांनी खूप उशीर झाला म्हणून सांगितलं. थंडी संपायच्या आत काकू गेल्या.

सरांनी निबंध मागे घेतला. विभागप्रमुख म्हणाले, आकडे इतके चांगले आलेत, पाठवून टाका. सर म्हणाले, "ते आकडे बायकांच्या रीतीभातीचे आहेत. आनंदाचं अजून मला काही कळलेलं नाही." लोक म्हणाले, बायको गेली म्हणून विषय सोडला. सोडला कुठला! त्यांनी पहिल्यापासून काम काढलं. आता आधी काय दुखतंय ते विचारायचं, आणि दुसऱ्यांदा विचारायचं, कारण पहिलं उत्तर रीतीचं असतं. बरं काय झालं, ते त्यानंतर. मावशींचा पाय त्यांनी डॉक्टरला घाटावर आणून दाखवला, मुलाला न कळवता. मावशी काशीतच गेल्या.

पण संध्याकाळ वाईट होती. सर दारात चपला काढायचे आणि रिकाम्या स्वयंपाकघराकडे बघून विचारायचे, "काय दुखतंय?" उत्तराला लागेल तेवढा वेळ थांबायचे. पुन्हा विचारायचे. मग आत जायचे. मला ते ऐकवायचं नाही, मी कानांवर हात ठेवायची. एकदा आईलाच राहवलं नाही. तिनं खिडकीतून ओरडून सांगितलं, "माझा गुडघा दुखतोय!"

सर वळले, आमच्या पायरीवर येऊन बसले, आणि आईच्या गुडघ्याची सगळी कहाणी ऐकून घेतली. त्यानंतर रोज आधी आमच्या दारात, मग स्वतःच्या.

ते काम पुरं झालं नाही. एका संध्याकाळी चपलांचा आवाज आला आणि प्रश्न आला नाही. आम्ही धावलो. सर उंबऱ्यात बसले होते, भिंतीला टेकून. काही करण्यासारखं राहिलं नव्हतं.

आज त्या विषयाला बरे दिवस आलेत. जगभर संशोधन चाललंय, स्टेशनवरच्या स्टॉलवरसुद्धा आनंदाची पुस्तकं मिळतात. सरांना आवडलं असतं, आणि त्यांनी प्रत्येकाकडे पुरावाही मागितला असता.

सर गेल्यावर आई दिवेलागणीला खिडकीशी बसायची, समोरच्या कुलपाकडे बघत. एकदा मी शाळेत शिकवून घरी आले तेव्हा ती दोन्ही हातांनी गुडघा दाबत होती.

"आई, काय दुखतंय?"

"कुठं काय? बरंच आहे सगळं," ती म्हणाली.

मी चपला काढल्या, तिच्याजवळ बसले, आणि पुन्हा विचारलं.