मधल्या खांबाजवळची गळती

गळतीचा पंचनामा होत नाही. भिंत पडली की होतो. भिंतीखाली माणूस सापडला तर साहेबसुद्धा येतात, रस्ता नसला तरी येतात. पण छतातून थेंब थेंब पाणी एका माणसाच्या खाटेवर पडतं, त्यासाठी कुठल्याच कचेरीत रकाना नाही. हे मी पत्रकात लिहिलेलं वाक्य नाही. हे मी परातीतलं पाणी बाहेर फेकताना पाठ केलेलं वाक्य आहे.

मी चळवळीत आहे. म्हणजे पत्रकं लिहिते, ती वाटते, मोर्चाला माणसं गोळा करते आणि कचेरीत कुणी ‘ताई, बसा’ म्हटलं तरी बसत नाही. आमचं गाव म्हसावदच्या वर, जिथे सपाटी संपून डोंगर सुरू होतो तिथे. घर सागाच्या खांबांचं, कुडाच्या भिंतींचं, वर देशी नळे. घरात आम्ही भिलोरीत बोलतो. इथे मराठीत लिहिते आहे, तेवढं वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं.

नळे म्हणजे कुंभाराने चाकावर काढून उभे चिरलेले अर्धगोल. एक रांग उताणी, तिच्यावरून पाणी वाहतं. दोन उताण्या रांगांच्या फटीवर एक पालथी. चुना नाही, खिळा नाही, नुसते एकमेकांवर टेकलेले. वारा, मांजर, वानर, कुणीही ते सरकवू शकतं. म्हणून दरवर्षी वैशाखात सगळं छप्पर उतरवून पुन्हा रचावं लागतं. हे एका माणसाचं काम नाही. त्यासाठी आमच्याकडे लाह असायची. लाह बोलवायची म्हणजे घरोघर सांगून यायचं. सकाळी माणसं येत, नळे उतरवत, झाडत, फुटके बाजूला काढत, संध्याकाळपर्यंत छप्पर रचून देत. याहा, म्हणजे माझी आई, डाळ-भाकरी आणि कोंबडं रांधायची. जेवून माणसं घरी. पैशाचं नाव नाही. त्यांच्या छपराला बा, म्हणजे माझा बाप, जायचा.

होळी झाली आणि बाला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डावा हात राहिला. खाट मधल्या खांबाला लावली, तेव्हा त्याने तो डावा हात खांबाला घातला आणि स्वतःला ओढून बसतं केलं. त्या दिवशी याहा पहिल्यांदा हसली. मग ती जागा ठरूनच गेली. बा खांबाला धरून उठायचा, दारातून जाणारे-येणारे बघायचा, शेळी आत शिरली की ‘हाऽ’ करायचा. दुसरीकडे हलवला की नुसता पडून राहायचा, चूल पेटल्याचंही भान नसायचं.

आणि गळती नेमकी त्या खांबाजवळ.

वैशाखात मी लाह बोलवायला गेले नव्हते असं नाही. गेले होते. शेजारचा काका अंगणात दोरी वळत बसला होता. बाबरोबर वाढलेला माणूस.

“काका, छप्पर रचायचंय. लाह बोलावते.”

“लाह बंद आहे,” तो म्हणाला.

“मग मजुरी देते.”

“तुझ्या बापाकडून मजुरी घेऊ? माझ्या लग्नाचा मांडव त्याने घातला. त्याचे पैसे घेतले तर बायको मला घरात घेईल का?”

“मग तसाच ये.”

“तसा कसा येऊ? बैठकीत ठरलंय. तूच वाचून दाखवलंस की उभी राहून. पत्रकात कुठे लिहिलंय, तुझं घर सोडून?”

“पत्रकात लिहिलंय, गरिबाच्या घराला लाह, बागायतदाराला नाही!”

काकाने दोरीला पीळ दिला. “गरीब कोण नाही इथे? आपणच ठरवायचं का, ह्याच्याकडे जा, त्याच्याकडे नको? मग भांडणं. त्यापेक्षा सगळ्यांचीच बंद. शांती.”

ते पत्रक मी आदल्या वर्षी लिहिलं होतं, आणि त्यातला एक शब्द आजही मागे घेणार नाही. गावातल्या एका पुढाऱ्याने केळीच्या बागेला पाइपलाइन टाकायची म्हणून लाह बोलावली होती. बागेला! अर्धं गाव दिवसभर चर खणत होतं आणि वर खिचडी खाऊन त्याचंच कौतुक करत होतं. ही लाह नाही, ही वेठ आहे, असं मी लिहिलं. लोकांना पटलं. बैठक बसली, लाह बंद झाली, मला गुलाल लावला. पुढाऱ्याने जेसीबी आणला. जेसीबीला खिचडीसुद्धा लागत नाही.

मी आणखी चार दारं फिरले. सगळीकडे हेच. फुकट यायला ठराव आडवा, पैसे घ्यायला लाज आडवी. शिव्या द्याव्यात असं त्यात कुणीही नव्हतं. हेच मला सहन होईना. मला समोर कुणीतरी लागतो.

झड लागली. खांबाजवळ पाणी आलं. दादा सुरतेला एका मिलमध्ये आहे, त्याचा फोन आला.

“घर गळतंय म्हणे.”

“कोण म्हणालं?”

“याहा. ओल्यात ठेवून बाला मारशील तू. मी पोळ्याच्या आधी येतो. गळत असलं तर घेऊन जातो. इथे स्लॅब आहे.”

“तो येणार नाही.”

“त्याला विचारलंस? कसं विचारलंस?”

मी फोन ठेवून बाला विचारलंच. “बा, सुरतेला जायचं?” त्याने डावा हात खांबाला घातला आणि माझ्याकडे बघत राहिला. याहून स्पष्ट उत्तर मला कुठल्या अधिकाऱ्याने दिलेलं नाही.

म्हणून पावसाने उघडीप दिली तशी मी शिडी लावली. मुलीने छपरावर चढू नये असं कुठे लिहिलेलं नाही, पण चढलेली कुणी बघितलीही नव्हती. काकी लगेच आपल्या दारात आली.

“अगं, मोर्चा वरून जाणार का आज?”

“हो, या तुम्हीपण.”

“मी खालूनच घोषणा देते. पाय जपून गं, माझ्याकडे नळे नाहीत तुला द्यायला.”

पालथी झोपून सरकायचं, वजन एका जागी द्यायचं नाही, एवढं मला ठाऊक होतं. आतून याहाने काठीने ठोकून जागा दाखवायची, असं आमचं ठरलं. प्रत्यक्षात बाच दाखवत होता. खाली पडल्या पडल्या त्याला छपरातून उजेडाचं भोक दिसत होतं, तिकडे तो हात करायचा, याहा ओरडायची, “अजून वर! अजून!” मी भोक शोधलं. उताणा नळा मधोमध तडकलेला. तो उचलायला गेले आणि गुडघ्याखाली शेजारचे दोन फुटले. मातीचा, शेवाळाचा, उंदरांच्या लेंड्यांचा वास नाकात. वर आभाळ पुन्हा भरलेलं.

घरात जादा नळे नव्हते. दरवर्षी लाहेला आलेला कुणीतरी चार नळे बरोबर आणायचा. ते कुठून यायचे, मी कधी विचारलं नाही.

म्हसावदला कुंभाराकडे गेले. म्हातारा गणपतीच्या मूर्तीला रंग देत होता. अहिराणीत म्हणाला, “नळे कोन करस आते? समदासना घरवर पत्रा शेतस. तू बी पत्रा टाक ना, पोरी.”

“पत्र्याखाली बा भाजून निघेल उन्हाळ्यात.”

“ते बी खरं शे.” त्याने कुंचल्याने मागचा ढीग दाखवला. “त्या तठे पडेल शेतस जुना नळा. ली जाय. पन बसतीन का नही, माले सांगता नही येवाव.”

पोतं भरून आणले. बसले नाहीत. प्रत्येक कुंभाराच्या नळ्याचा वाक वेगळा. आमचे खोल, हे पसरट. पालथा टेकवला की एका कडेला बोटभर फट. त्या फटीत मी माती भरली, शेण भरलं, शेवटी प्लॅस्टिकच्या पिशव्या कोंबल्या. रात्री पाऊस आला आणि बाने दाखवलेल्या जागी एक थेंब पडला नाही. मी मनातल्या मनात घोषणा दिली. सकाळी बघते तर पाणी वाशावरून सरकत खाली येऊन बरोबर खांबाला लागलेलं, आणि खांबावरून उतरून खाटेच्या दोऱ्या भिजलेल्या. भोक होतं तिथे पाणी नव्हतं. पाणी होतं तिथे भोक नव्हतं. बाने पुन्हा हात वर केला, पण या वेळी कुठे दाखवावं ते त्यालाही कळेना. हात नुसता वर, हवेत.

खाट हलवली. चुलीजवळ धूर, पलीकडे शेळ्या. बा तोंड भिंतीकडे करून पडला. दुपारी भाकरी खाल्ली नाही. संध्याकाळी याहा खाटेचं एक टोक धरून उभी राहिली. खाट परत खांबाजवळ आणली.

मग फ्लेक्स. मागच्या मोर्चाचा मोठा फ्लेक्स घडी घालून माळ्यावर ठेवलेला होता. तो मी खांबाच्या वर, वाशांना आतून बांधला, झोळीसारखा, एक कड भिंतीच्या बाहेर काढून. पाणी तिकडे जावं म्हणून. अक्षरांची बाजू खाली आली. अर्धी घोषणा वाशांमागे गेली आणि बाच्या डोक्यावर नुसतं ‘मिळालंच पाहिजे’ राहिलं. त्याला वाचता येत नाही. तरी तो बराच वेळ बघत होता. काकी बघायला आली आणि पोट धरून हसली. “काय मिळालंच पाहिजे, ते तर लिही गं वर!” याहा हसली, मीही हसले, बानेही तोंडाची एक बाजू वर केली.

चार दिवस खाट कोरडी राहिली. मी दादाला फोन करून सांगितलं, ये खुशाल पोळ्याला, बैल रंगव आणि परत जा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळपासून मुसळधार. दादा गाडी घेऊन आला, रेनकोट काढला, छपराकडे बघितलं. “हे काय?”

“गळत नाही,” मी म्हणाले. “खाट चाचपून बघ.”

त्याने चाचपली. कोरडी होती. तो खाली बसला, याहाने चहा ठेवला. मला वाटलं, झालं. तेवढ्यात मी वर बघितलं. बाहेर काढलेली कड पावसाच्या भाराने सरकून आत आली होती. अक्षरं फुगली होती, गरोदर शेळीच्या पोटासारखी. मी उठेपर्यंत बांधलेली सुतळी तुटली.

परातभर नाही, हंडाभर नाही. सगळं साठलेलं पाणी एकदम बाच्या छातीवर. कुजकी पानं, माती, फुटक्या नळ्याचे तुकडे. तो ओरडलासुद्धा नाही. शेळीवर करायचा तो ‘हाऽ’सुद्धा निघाला नाही. डावा हात तेवढा खांबावर गच्च.

दादा मला बोलला असता तर मी भांडले असते, मला ते येतं. त्याने बाचं अंग पुसलं, आपला कोरडा शर्ट घातला आणि म्हणाला, “गाडी चिखलात आत येणार नाही. रस्त्यापर्यंत खाट न्यावी लागेल.”

मी म्हणाले, “पाऊस थांबू दे. मी वर जाते. मी अजून एकदा…”

“किती वेळा?” दादा म्हणाला.

मी खाटेचं पायथ्याचं टोक धरलं.

आम्ही दोघं खाट उचलणार, तर दारात काका उभा. मागे आणखी माणसं, डोक्यावर खताच्या गोण्यांच्या खोळी. कुणी बोलावलं नव्हतं. पावसात गाडीचा आवाज ऐकला असणार. वैशाखात ज्या ज्या दारी मी गेले होते, ते सगळे.

“आता आलात?” मी म्हणाले. “मजुरी किती घेणार?”

“गप गं,” काका म्हणाला. “आजारी माणसाची खाट उचलायला कुणाला बोलवावं लागतं का?”

त्यांनी चार कोपरे धरले. पाचवा वरून खोळ धरून. खाट हलली, पण बाचा हात खांबावरून सुटेना. काका माझ्याकडे बघायला लागला, दादाही. बोटं मीच सोडवली. एकेक करून. करंगळी सगळ्यात शेवटी सुटली. मी आजवर पुष्कळ माणसांना सांगितलंय, धरून ठेवा, सोडू नका.

चिखलातून खाट इतकी सरळ गेली की बाच्या अंगावर एक थेंब पडला नसेल. काय सफाईने उचलली त्यांनी! माणसं तीच, हात तेच. त्या हातांनी एक दिवस, फक्त एक दिवस… जाऊ द्या. हे वाक्य मी पत्रकासाठी पुष्कळदा लिहून बघितलं. पुढे कुणाला दोष द्यायचा ते ठरत नाही, म्हणून ते पूर्ण होत नाही.

दादाचा रविवारी फोन येतो. बा बरा आहे, म्हणतो. खोली कोरडी आहे, गोळ्या वेळेवर आहेत. दादा कामचुकार नाही, त्याचं खोटं नसणार. पण मागच्या वेळी म्हणाला, “दिवसभर हात वर करतो गं. वर छताकडे दाखवतो. पंखा लावला तरी तेच, बंद केला तरी तेच. काय पाहिजे त्याला, कळत नाही.”

मला कळलं. तो उजेडाचं भोक शोधतो आहे. स्लॅबला भोक नसतं.

“काय पाहिजे असेल?” दादाने पुन्हा विचारलं.

इकडे मधल्या खांबावरून पाणी उतरत होतं आणि याहा परात सरकवत होती. खाटेची जागा तिने मोकळीच ठेवली आहे.

“काही नाही,” मी म्हणाले. “हात दुखेल त्याचा. हलकेच खाली घे.”