पडलेल्याला उचलायचं नाही

चपलांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायात बूट चढवणाऱ्या माणसाला लोक ‘उस्ताद’ म्हणू लागले, की त्यात थोडी थट्टा आलीच. पण ती थट्टा आहे हे उस्तादांच्या कधी लक्षात आलं नाही, आणि कुणी लक्षात आणून दिलं असतं तरी त्यांनी मान्य केलं नसतं. पंचेचाळिशी उलटल्यावर ते ज्युडो शिकायला गेले. ज्या वयात माणसं गुडघ्यांना तेल लावतात त्या वयात हे गुडघ्यांवर माणसं आपटायला शिकत होते. तपकिरी पट्ट्यापर्यंत पोचले आणि तिथेच रुतून बसले. बरोबरची पोरं काळा पट्टा बांधून पुढे गेली, काहींची लग्नं झाली, उस्ताद आपले तपकिरीच.

मग त्या वर्गात एक नवीन शिक्षक आले. त्यांचं म्हणणं असं, की माणूस मुळात रांगायला, लोंबकळायला, उकिडवं बसायला आणि ओझी वाहायला जन्माला आला आहे. खुर्चीनं त्याचं वाटोळं केलं. उस्तादांना हे फार पटलं. अडचण वेळेची होती. ज्युडोही करायचा आणि रांगायचंही, तर दुकानात कधी जायचं? तेव्हा त्यांनी असा तोडगा काढला, की व्यायामाला वेगळा वेळ काढायचाच नाही. उठल्यापासून निजेपर्यंत जे काही करायचं ते व्यायामासारखंच करायचं.

झालं, तिथून घराची रया गेली. दात घासायचे ते खोल बैठकीत. मोजे घालायचे ते एका पायावर उभं राहून, भिंतीला हात न लावता. पुढच्या दारातून वर्तमानपत्र आणायला जायचं ते चार पायांवर, अस्वलासारखं, आणि येताना हात मोकळे नसल्यामुळे वर्तमानपत्र दातांत. पहिल्या पानावरच्या बातम्यांना भोकं पडलेली असत. माळ्यावरचा डबा काढायचा तर स्टुल नाही, चौकटीला लोंबकळून वर चढायचं; त्यात एकदा चौकटच हातात आली. सोफा तर त्यांनी कुणाला तरी देऊन टाकला. बायकोनं एक खुर्ची वाचवली, तीसुद्धा तिच्यावर ठाण मांडून. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर दिवसभर उभी असायची, आणि घरी आल्यावर नवऱ्याचं तत्त्वज्ञान ऐकायचं तर निदान बसून ऐकीन, असं तिचं म्हणणं होतं.

दुकानात मात्र मालक खूश होते. इतर नोकर वाकून वाकून कमरा धरायचे. उस्ताद गिऱ्हाइकाच्या पायाशी तासन्‌तास उकिडवे बसत आणि शिडीला हात न लावता वरच्या फळीवरची खोकी उतरवत. एकदाच काय ती गडबड झाली. एका बाईंनी नवा बूट टाचेत नीट बसावा म्हणून पाय झटकला, तो उस्तादांच्या तोंडासमोरून गेला. त्यांच्या मनात काही नव्हतं, हातांच्या मात्र होतं. पुढच्या क्षणी बाईंचा घोटा उस्तादांच्या काखेत आणि बाई स्टुलावरून गालिच्यावर. वर उस्तादांनी त्यांना विचारलं, की पडताना हनुवटी छातीला का नाही लावली. बाईंनी बूट घेतले नाहीत, हे वेगळं सांगायला नकोच.

हनुवटीचा हा मुद्दा त्यांच्या लेखी साधा नव्हता. उस्तादांना काळा पट्टा मिळाला नाही तो समोरच्याला फेकता येत नाही म्हणून; पडण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. माणूस पडतो त्यानं मरत नाही, पडायच्या भीतीनं मरतो, असं ते येता-जाता सांगत. बायकोला आणि कॉलेजात जाणाऱ्या लेकीला त्यांनी गादीवर पडायला शिकवलं होतं: पाठ गोल करायची, हनुवटी आत घ्यायची, हात जमिनीवर फट्‌कन आपटायचा आणि श्वास सोडायचा. वर घरात एक नियम केला होता. कुणी पडलं तर धावत जायचं नाही, किंचाळायचं नाही आणि उचलायचं तर मुळीच नाही. आहे तिथूनच ‘छान’ म्हणायचं. पडलेल्याचं त्याला उठू द्यायचं. पाहुण्यांना हा प्रकार कसाई लोकांचा वाटे. पण एकदा बायको जिन्यावरून अंड्यांच्या पिशवीसकट गडगडली आणि अंडी सोडून दुसरं काहीही फुटलं नाही, तेव्हापासून तिनं नियमावर बोलणं सोडून दिलं. मान्य मात्र तिनं आजतागायत केलेलं नाही.

अशा घरात सासूबाई आल्या.

सासूबाई निवृत्त शिक्षिका. एकट्या राहायच्या, कुणाचं ऐकायच्या नाहीत. एके दिवशी न्हाणीघरात पाय घसरला आणि त्या रात्रभर तिथेच पडून राहिल्या. सकाळी शेजारणीनं दार ठोठावलं तेव्हा कळलं. हाड एकही मोडलं नव्हतं. डॉक्टरांनी सगळे फोटो काढले, सगळे चांगले आले. पण बाईंचा धीर खचला तो खचलाच. लेकीच्या घरी आल्या आणि पॅसेजला लागून असलेल्या खोलीत त्यांनी जे अंथरूण धरलं ते सोडेनात. डॉक्टर बायकोला बाजूला घेऊन म्हणाले, की या वयात शरीर फार लवकर विसरतं. आणखी काही महिने अशाच निजून राहिल्या तर मग मनात आलं तरी उठता येणार नाही. बायको त्या दिवशी बसायची खुर्ची सोडून जमिनीवर बसून रडली. उस्तादांनी तिला वचन दिलं, की आईंना मी उभं करतो.

वचन देणं सोपं होतं. सासूबाईंचं जावयाबद्दलचं मत लग्नाच्या बैठकीत जे झालं होतं ते त्यांनी बदललेलं नव्हतं. पडायला शिकवतो, असं उस्ताद म्हणाले, तर त्या म्हणाल्या की ते मला शिकवणीशिवाय येतं. मग उस्ताद रोज सकाळी त्यांच्या पलंगासमोर गादी टाकून स्वतः पडून दाखवू लागले. पुढे, मागे, उजवीकडे, डावीकडे. नंतर उठायचं कसं तेही दाखवत: आधी कुशीवर, मग गुडघा, मग दुसरा, मग चार पायांवर चार पावलं आणि काहीतरी धरून वर. सासूबाई चहा घेत घेत हे सगळं बघत आणि दहापैकी गुण देत. सहाच्या वर त्या कधी गेल्या नाहीत. उस्ताद दर खेपेला विचारत, आई, आता किती? आणि त्या म्हणत, मागच्यापेक्षा वाईट. तीन महिने गेले. पालथ्या घड्यावर पाणी. बाईंनी पलंगावरून खाली पाय टाकले ते फक्त लेकीच्या खांद्यावर लोंबकळून न्हाणीघरापर्यंत जायला, आणि तेवढ्यातही त्या थरथर कापत. बायको संध्याकाळी घरी आली की आधी आईच्या खोलीत डोकावायची आणि मग उस्तादांकडे बघायची. त्या बघण्यानं त्यांना जेवण जाईनासं झालं.

मग ती सकाळ आली. उस्ताद पॅसेजमध्ये एका पायावर उभं राहून मोजा घालत होते. अर्धा मोजा वर आला आणि त्यांना शिंक आली. शिंकेत असं काय असतं कोण जाणे, पण कमरेत कुणीतरी खिळा ठोकावा तशी कळ आली आणि उस्ताद खाली गेले. इतक्या वर्षांची सवय होती. पाठ आपोआप गोल झाली, हनुवटी आत गेली, हात जमिनीवर फट्‌कन वाजला. पडणं अगदी देखणं झालं, आणि तिथेच घात झाला.

‘छान,’ बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

उस्तादांना हाक मारायची होती, पण श्वास घेतला की कळ येई, त्यामुळे तोंडातून नुसती हवा आली. लेक पाठीला पिशवी अडकवून आली, बापाला ओलांडून, ‘छान हं बाबा,’ म्हणून कॉलेजला गेली. पाठोपाठ बायको आली. तिनं साडी सावरून त्यांच्यावरून पाय टाकला आणि दूध फ्रिजमध्ये ठेवायला आणि आईला अकराची गोळी द्यायला सांगितलं. ‘अगं,’ उस्ताद कसेबसे म्हणाले. तो त्यांच्या श्वासाच्या व्यायामाचाच आवाज असावा, असं तिला वाटलं. दार बंद झालं.

उस्ताद छताकडे बघत पडून राहिले. हलायचा प्रयत्न केला, की कंबर नाही म्हणे. फोन बाहेरच्या खोलीत टेबलावर चार्जिंगला लावलेला. आपण केलेला नियम आपल्यालाच भोवला, आणि दाद मागायची तर कुणाकडे? इतक्या वर्षांत त्यांनी बायकोला आणि लेकीला इतकं तयार केलं होतं, की घराला आग लागली असती तरी त्या दोघी ‘छान’ म्हणून निघून गेल्या असत्या.

‘जावईबापू,’ खोलीतून आवाज आला, ‘झालं असेल तर चहाचं बघा.’

सासूबाईंना पलंगावरून त्यांचे फक्त दोन पाय दिसत होते, एक मोज्यात आणि एक उघडा. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली. मग म्हणाल्या, की आज किती गुण ते नाही विचारलंत. हा माणूस पडल्यावर इतका वेळ गप्प राहिल्याचं त्यांनी आजवर बघितलं नव्हतं.

पलंग करकरला. पॅसेजमधून उस्तादांना पलंगाखालची जमीन दिसत होती, आणि त्या जमिनीवर सासूबाईंची दोन पांढरीफटक पावलं हळूहळू उतरली. ही बाई आता उठणार, धरायला कुणी नाही, आणि पडली तर यावेळी नुसता धीर मोडून भागायचं नाही. बायकोला तोंड कसं दाखवायचं? त्यांनी छातीतली सगळी हवा गोळा केली.

‘आई, उठू नका. पाया पडतो, उठू नका.’

‘तीन महिने उठा उठा म्हणून डोकं खाल्लंत,’ सासूबाई म्हणाल्या, ‘आणि आता उठतेय तर नको?’

त्या पलंगाची कड धरून उभ्या राहिल्या. पलंगापासून पॅसेजपर्यंत मधे धरण्यासारखं काही नव्हतं, नुसती फरशी. त्या फरशीवर त्यांनी पाऊल पुढे टाकलं आणि परत मागे घेतलं, हे उस्तादांना इथून दिसत होतं. मग एक गुडघा खाली टेकला. मग दुसरा. मग दोन्ही हात. आणि ज्या बाईंनी तीन महिने या चालीला माकडचेष्टा म्हटलं होतं, त्या चार पायांवर, उशी पुढे ढकलत ढकलत, पॅसेजकडे निघाल्या. गुडघा कसा उचलावा आणि भार कुठल्या हातावर घ्यावा, यात त्या कुठेही चुकल्या नाहीत. चहा पिता पिता त्यांनी सगळं नीट बघितलेलं होतं. वाटेत दम लागला तेव्हा मात्र त्यांनी जावयाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

जवळ आल्यावर त्यांनी उशी उस्तादांच्या मानेखाली सरकवली आणि काय झालं ते विचारलं. शिंक, असं उस्ताद म्हणाले. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मग फोन कुठे आहे ते विचारून घेतलं आणि तशाच बाहेरच्या खोलीत गेल्या. टेबलावर हात पोचेना, म्हणून चार्जरची वायर ओढली. फोन खाली आपटला. त्याला कुणी पडायला शिकवलं नव्हतं, पण तो चालत होता. तो हातात घेऊन त्या परत उस्तादांशेजारी येऊन बसल्या आणि लेकीला फोन लावला. उस्तादांनाही ऐकू यावं म्हणून फोन त्यांनी मांडीवर ठेवला आणि आवाज मोठा केला.

पलीकडून बायको घाईत म्हणाली, की अहो, दुकानात गर्दी आहे, दूध फ्रिजमध्ये ठेवलंत ना? त्यावर सासूबाई म्हणाल्या की मी बोलतेय. तुझ्या नवऱ्याची कंबर धरलीय, डॉक्टरला घेऊन ये, आणि दुधाचं मी बघते.

बायकोला ते कळायला वेळ लागला. मग तिचा आवाज बदलला.

‘आई, हा फोन बाहेरच्या खोलीत असतो. तू कुठून बोलतेयस?’

‘पॅसेजमधून. जमिनीवरून.’

‘तू पडलीस?’

‘नाही गं,’ सासूबाई म्हणाल्या. ‘मी पडलेली नाही. मी आपली आपण खाली बसलेय.’

पलीकडे आधी नुसती दुकानाची गडबड ऐकू आली. कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं, दुसऱ्यांदा मागत होतं, आणि काउंटरवर उभी असलेली बाई त्याला देत नव्हती, ती मोठमोठ्यानं रडत होती. सासूबाई फोनकडे बघून, ‘अगं, रडतेस काय, गिऱ्हाईक उभं आहे ना,’ असं म्हणत स्वतःच पदरानं डोळे पुसू लागल्या. हे बघून उस्तादांनाही राहवेना. पण हसण्यापेक्षा रडताना कंबर जास्त दुखते हे त्यांना तेव्हाच कळलं, आणि त्यांना रडू थांबवता येत नव्हतं.