गणूमामांचा माळ

गणूमामा कुणाकडेही गेले की आधी घराभोवती एक चक्कर मारत, मगच उंबरा ओलांडत. "जागा बगल्याबिगर मानूस कलत न्हाय," म्हणायचे. त्यांच्या बोलीत ळचा ल आणि डचा बहुधा र होई; माळाला ते 'माल' म्हणत. माझ्या इंग्लंडच्या घरीही त्यांनी तेच केलं. कडाक्याचा गारठा, बॅगा दारात, आणि हे मागच्या कुंपणापाशी वाकून माती बघतायत.

मामा भिवंडीजवळच्या शेलार गावचे, माझ्या आईचे थोरले भाऊ. गवताचे व्यापारी. त्यांच्या माळावरचं गवत दिवाळीनंतर कापून, गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांत जाई. माळावर आंबे होते, एक थोराड जांभूळ होतं. दुपारी गावची गुरं तिथे बसत. पुढे आमच्या भागात गोदामांचं पेव फुटलं आणि आजूबाजूच्या जमिनी एकेक करून पत्र्याखाली गेल्या. मामी वारल्यावर मुलाच्या, रमेशदादाच्या, हट्टापुढे मामांनीही गोदामवाल्या बिल्डरच्या कागदावर सही केली. मात्र बजावलं, "मी इंग्लंडवरनं येईपरत मालाला हात लावू नको. मंग बगू." दादाने मामींच्या फोटोसमोर शब्द दिला. तिकीटही त्यानेच काढलं होतं.

माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातले एक म्हातारे साहेब गोल्फ खेळत. एका रविवारी त्यांनी आम्हाला त्यांच्या क्लबवर नेलं. कधीकाळी ते एका जमीनदाराचं रान होतं. लांबवर उतरत गेलेली हिरवळ, मध्ये तळं, जागोजागी प्रचंड ओक.

मामा पायऱ्यांवरच थबकले. "एवरं गवत, आन चरायला एक ढोर न्हाय?"

"मामा, इथे चेंडू खेळतात."

"आन कापलेलं गवत?"

"टाकून देतात."

मामा हसायला लागले. मामी गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. साहेबांना वाटलं, पाहुणे खूश झाले. ते उत्साहाने माहिती देऊ लागले. एका ओकाला हात लावून म्हणाले, हे झाड क्लबलासुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. मी मराठीत सांगितलं तसे मामा गंभीर झाले.

"मालक असून तोरता येत न्हाय?"

"नाही."

ते त्या झाडाखाली बसले. माणसं खेळत पुढे गेली, तरी उठेनात. मग म्हणाले, "रमेशला फोन लाव. सांगतो, माल द्यायचा न्हाय. बिल्डरच्या पाया परेन, पन सही मागं घेईन."

घरी येऊन फोन लावला. दादा म्हणाला, "तुम्ही या तर खरं, मग बोलू." त्याच्या आवाजामागे कसलं तरी यंत्र घरघरत होतं. मामा मात्र त्या रात्री दोन पोळ्या जास्त जेवले.

महिन्याभराने त्यांना सोडायला मी शेलारला गेले. गाडी वळली आणि माळ दिसलाच नाही. लाल मुरुमाचा भराव, त्यावर लोखंडी खांब उभे. झाडांचे बुंधेही उरले नव्हते.

मामा गाडीतून उतरले. दारात उभ्या दादाला त्यांनी इतकंच विचारलं, "जांभूल कदी पारली?"

"तुम्ही गेलात त्याच आठवड्यात." दादा खाली बघत म्हणाला, "तुम्ही इथे असतात तर कुऱ्हाड लावू दिली असतीत का, बाबा?"

म्हणजे मामा त्या ओकाखाली बसले होते, तेव्हा सगळं संपलेलं होतं.

मी वकिलाचं नाव काढलं. मामांनी माझा हात थोपटला. "सही माजी, पोरगा माजा. कोर्टात कोनाच्या नावानं रडू, बाय?" त्यानंतर मामा जेवण पुढे ठेवलं तर जेवत, कुणी उठवलं तर उठत.

पुढच्या शिमग्याआधी ते गेले. आम्ही तेव्हा ठाण्याला परत आलो होतो, म्हणून मी पोहोचले. स्मशानाची वाट आता गोदामांमधून जाते. समोर एक कंटेनर अडकून, मागे-पुढे होत वळत होता. तो वळेपर्यंत, मामांना खांद्यावर घेऊन, माणसं उन्हात उभी राहिली.